पोरांच्या सड्यावरची भिंत

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं, तर आपल्याबद्दल कुठेतरी छापून आलं या आनंदात सरपंच परशुराम ते पान काचेत घालून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगील. मालवणहून एसटीने तासाभराच्या वाटेवरचं गाव, एवढं पुरे. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याच्या नव्या योजना गावोगाव येऊन पडत होत्या. या गावातही पडल्या आणि पडूनच राहिल्या.

ग्रामपंचायतीने गावाला काय काय दिलं, ते कावेरीअक्काला तोंडपाठ होतं. दिव्याचे तीन खांब दिले होते आणि तिन्ही सरपंचाच्या घराच्या वळणावर उभे होते. देवळापाशी एक नळ दिला होता. त्याला पावसाळ्यात पाणी येई, म्हणजे सगळा गाव तसाही भिजलेला असे तेव्हा. सार्वजनिक रेडिओ होता, तो कपाटात कुलूप लावून ठेवलेला, कारण बाहेर ठेवला तर लोक ऐकतील. गटार बांधायला सात वर्षं लागली, पण ते मात्र बारमाही वाहत असे.

अक्का साठीची. विश्राम गुरुजींची बायको, गुरुजी जाऊन चार वर्षं झालेली. पंचायतीत बायकांसाठी राखलेल्या जागेवर परशुरामानेच तिला आणली होती. म्हातारी विधवा बाई, मान दिल्यासारखंही दिसेल आणि सही करून गप्प बसेल, असा त्याचा हिशोब. माणसांच्या बाबतीत परशुरामाचं गणित शाळेपासूनच कच्चं. अक्का सभेला जाई ती दशावतार बघायला जावं तशी. पदराला सुपारी बांधून नेई, कातरत बसे आणि कान उघडे ठेवी. सात पुरुष, सात तोंडं आणि सातांत मिळून एक विचार, तोही सरपंचाने सकाळीच वाटलेला. मनातल्या मनात ती त्यांना गुळाचे गणपती म्हणे. कधी कधी मोठ्यानेही म्हणे, पण ते आपल्यालाच उद्देशून आहे हे सातांपैकी एकाच्याही डोक्यात शिरत नसे.

गावाच्या माथ्यावर सडा होता. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार, उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं. विश्राम गुरुजी नवे मास्तर होऊन आले तेव्हा गावातल्या पोरांना खेळायला जागाच नव्हती. ती भाताच्या बांधांवर धावत आणि ज्याच्या त्याच्या शिव्या खात. गुरुजींनी एक नियम केला. शनिवारी शाळेत येताना प्रत्येकाने घरून टोपलीभर माती आणायची. भाताच्या कुणग्यातली आणा, माडाच्या आळ्यातली आणा, पण रिकाम्या हाताने यायचं नाही. ती माती सड्यावर ओतायची, वर पाणी मारायचं आणि सगळ्यांनी मिळून पायांनी तुडवायची. पावसाळ्यात अर्धी माती वाहून गेली. गुरुजींनी कडेने दगडांचा बांध घातला आणि पुढच्या वर्षी पुन्हा टोपल्या सुरू केल्या. असं किती वर्षं चाललं, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. पोरं मोठी होऊन मुंबईला गेली, त्यांची धाकटी भावंडं टोपल्या घेऊन आली, आणि एका पावसाळ्यानंतर सडा हिरवा झाला. गाव त्याला पोरांचा सडा म्हणू लागलं.

अक्कानेही तेव्हा टोपल्या वाहिल्या होत्या. एकदा तर पोटुशी असताना वाहिल्या. ते मूल जगलं नाही, पुढे दुसरं झालंही नाही. टोपल्यांमुळे गेलं असं कोणी म्हणालं नाही आणि तिलाही तसं कधी वाटलं नाही. पण संध्याकाळी सड्यावरून पोरांचा गिल्ला ऐकू आला की तिला बरं वाटायचं. घरात एकटीला जेवण जायचं. तिचं त्या मैदानाशी नातं होतं ते एवढंच, आणि तिला ते पुरत होतं.

परशुरामही त्या पोरांतलाच एक. तो टोपलीच्या तळाशी पालापाचोळा भरायचा आणि वर चार मुठी माती पसरून टोपली भरलेली दाखवायचा. गुरुजींना कळायचं, पण ते काही बोलायचे नाहीत. अक्काच्या मते गुरुजींचं सगळ्या जन्मात चुकलं ते तेवढंच.

दिवाळीनंतरच्या सभेत ग्रामसेवक एक योजना घेऊन आला. तो घाटावरचा माणूस. त्याला मासे चालत नसत आणि मालवणी अर्धीच कळे, त्यामुळे तो नेहमी कोणीतरी आपल्याला फसवतंय अशा चेहऱ्याने बसलेला असे.

"ज्या गावात मुलांचं क्रीडांगण आहे, त्या गावाला संरक्षक भिंत मंजूर होते," तो म्हणाला.

"क्रीडांगण आसाच," परशुराम म्हणाला. "भिंत तेवढी व्हयी."

"भिंत कोणापासून?" अक्काने सुपारी कातरता कातरता विचारलं. "सड्यावर कोण चोर येतत? गवत चोरूक?"

सगळे हसले. हसणं सोपं असतं, विचार करावा लागत नाही. मग एकाला कुठून तरी अक्कल सुचली आणि त्याने विचारलं, की भिंतीला चिरे कुठून आणायचे? चिरे म्हणजे जांभ्याचे तासलेले ठोकळे. खाण तीन गावं पलीकडे, ट्रक सड्यावर चढत नाही, गडी डोक्यावरून नेणार नाहीत. सभा गंभीर झाली. परशुरामाने डोळे मिटले. तो डोळे मिटून बसला की गावाचं काहीतरी जाणार, हे अक्काला ठाऊक होतं.

"चिरे हाडूचे कित्याक?" डोळे उघडून तो म्हणाला. "सडो म्हणजे काय? चिरोच मां! पायाखालचो काढूचो नि भिंतीक लावचो. एका कोपऱ्यात वायच खणला तर काय बिघडता?"

सहाजणांनी माना डोलावल्या. एकाने तर मांडीवर थाप मारली. ग्रामसेवकाने स्थानिक साधनसामग्रीचा वापर, असं काहीतरी लिहून घेतलं. मैदानाला भिंत घालण्यासाठी मैदानच खणायचं, ही कल्पना त्या खोलीतल्या कोणालाही खटकली नाही.

अक्काला खटकली, पण ती हसली. गटाराला सात वर्षं लावणारी ही माणसं, ही काय सडा खणणार! "ह्यांच्यान काय होतला," असं पुटपुटत ती उठली, कारण घरी चुलीवर बांगड्याचं तिकलं ठेवून आली होती. तिचा त्यांच्याबद्दलचा तिरस्कार इतका पक्का होता की त्यांच्या हातून एखादं वाईट कामसुद्धा धड पार पडेल, यावर तिचा विश्वास नव्हता.

पण गावात कुठलंही काम कौलाशिवाय सुरू होत नाही. रवळनाथाच्या पाषाणाला शिवा गुरव ओल्या फुलांच्या दोन पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. एकदा देव बोलला की त्यावर सरपंच नाही, कलेक्टर नाही. परशुरामाने कौल लावून घेतला. "पोरांच्या मैदानाक भिंत बांधूक तुजो हुकूम आसा काय," असं शिवाने विचारलं आणि उजवी पाकळी पडली. चिरे कुठले काढायचे हे देवाला कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची रवळनाथाला सवय नाही.

पौषात खाणवाले आले. त्यांनी आधी वरची माती खरवडली. इतक्या वर्षांच्या टोपल्या चार बैलगाड्यांनी दोन दिवसांत उचलल्या. गाड्या सरळ परशुरामाच्या बागेत गेल्या. तिथे त्याने देवगडहून आणलेली हापूसची नवी कलमं लावली होती. कोणी विचारलं तर तो म्हणे, "ठेवूक हाडलंय. काम झाला काय परत नेतलंव." आणि त्याने ती माती कलमांच्या मुळाशी नीट दाबून ठेवली.

कोपऱ्यातला चिरा कच्चा निघाला. हातात घेतला की फुटे. म्हणून खाण थोडी आत सरकली. तिथे बरा लागला, तेव्हा आणखी आत सरकली. होता होता मैदानाच्या मध्यावर पुरुषभर खोल खड्डा झाला आणि भिंत उभी राहिली फक्त एका बाजूला. मग ग्रामसेवकाच्या लक्षात आलं की खड्डा भिंतीच्या पायाशी येऊन भिडलाय, तर भिंत थोडी लांबून घ्यावी. भिंत लांबली तसे चिरे जास्त लागले. चिरे जास्त लागले तसा खड्डा रुंदावला, आणि खड्डा रुंदावला म्हणून भिंत आणखी लांबून घ्यावी लागली. या सगळ्यात एकाही माणसाला मध्येच थांबून डोकं खाजवावंसं वाटलं नाही. उलट काम जोरात चाललंय म्हणून पंचायत खूश होती. गटाराला सात वर्षं लावणारी माणसं हीच, पण नासधूस करायची म्हटल्यावर त्यांच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे.

अक्काचे गुडघे त्या थंडीत धरले होते. सुरुंगाचे आवाज नाहीत, ट्रक नाहीत, कुदळींनी चाललेलं काम, त्यामुळे खाली काही कळत नव्हतं. गावातली माणसं सांगत नव्हती, कारण अक्काला सांगायचं म्हणजे तिची बोलणी खायची. फक्त संध्याकाळचा गिल्ला बंद झाला होता. तिला वाटलं, परीक्षा आल्या असतील. शेवटी शेजारची नीरजा, तिसरीतली, गुडघा फोडून घेऊन तिच्याकडे हळद लावायला आली.

"खंय पडलंस गो?"

"रस्त्यार. लगोरी खेळत होतंव."

"रस्त्यार कित्याक? सडो काय झालो?"

"सड्यार खड्डो आसा," नीरजा म्हणाली. "गुरांकय जावक देणत नाय."

अक्काने काठी घेतली आणि सडा चढली. मधे तीनदा बसली. वर पोचली तेव्हा तिन्ही बाजूंना चांगली छातीएवढी, लालभडक, सुबक भिंत उभी होती आणि चौथी बाजू बांधायला घेतली होती. आत मैदान नव्हतं. आत एक मोठं चौकोनी भोक होतं, त्याच्या तळाशी महादू खाणवाला आणि त्याचे गडी कुदळी मारत होते. अक्का कडेला उभी राहिली. आपण त्या दिवशी सुपारी कातरत हसलो होतो, हे आठवून तिला स्वतःची इतकी किळस आली की ती तशीच मागे फिरली.

परशुराम पंचायतीच्या ओट्यावर पान खात बसला होता.

"परशुरामा, मैदान खंय गेला रे?"

"आसा मां, अक्कानू," तो म्हणाला. "वायच खोल गेला हा."

आणि तो हसला नाही, हे विशेष. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

"आत्ताच्या आत्ता काम थांबव."

"कसा थांबवू? कौल घेतलो हा. भिंत अर्धी सोडली तर देवाचो शब्द मोडता. माजा काय, तुमी सांगितलास तर मी थांबवीन. पण देवाचा काय?" त्याने देवळाच्या दिशेने तोंड करून हात जोडले. तोंडातल्या पानाचा लाल ओघळ हनुवटीवर आला होता. असल्या माणसाला आडोसा म्हणून देवाला उभं राहावं लागतं, या विचाराने अक्काला देवाची दया आली.

"तुज्यासारक्या शेणमेंदवाक गुरुजींनी पास केला, ता तेंचा पाप," ती म्हणाली.

"गुरुजी देवमाणूस होते," परशुराम भक्तिभावाने म्हणाला.

चैत्रात चौथी बाजूही पूर्ण झाली. लोखंडी फाटक बसलं. कुडाळच्या पेंटरकडून पाटी रंगवून आली, तिच्यावर बालक्रीडांगण असं लिहून खाली परशुरामाचं नाव, त्याच्याखाली सातही पंचांची. पुढच्या बुधवारी बीडीओ साहेब उद्घाटनाला येणार, असं ठरलं. पोरं मात्र गावातल्या डांबरी रस्त्यावर खेळत होती. एसटी आली की कडेला होत, गेली की पुन्हा मध्ये येत.

सोमवारी देवळात कौलाला गर्दी असते. कोणाची म्हैस आटलेली असते, कोणाच्या लेकाचं मुंबईहून पत्र नसतं. मानकरी म्हणून परशुराम खांबाला टेकून बसला होता. अक्का आली, सगळ्यांचं होईपर्यंत थांबली आणि मग पुढे झाली.

"शिवा, माजो एक कौल लाव."

"काय इचारूचा, अक्कानू?"

"गावात पोरांक खेळूक मैदान आसा काय नाय, येवढाच इचार."

सभामंडपात हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने परशुराम हसला. "ह्या काय देवाक इचारूचा? शेंबडा पोर सांगात!" मग त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं. चमकतं तेव्हा ते नेहमी चुकीच्या जागी चमकतं. "पण इचार रे शिवा, इचार. बुधवारी सायब येतहत. देवाचोय हुकूम घेवन ठेवया."

तो असंच म्हणेल, हे अक्काला माहीत होतं. त्याला बारा वर्षांचा असल्यापासून ओळखत होती ती.

शिवाने हात धुतले, पाषाणावर पाणी घातलं आणि दोन पाकळ्या चिकटवल्या. "बा देवा रवळनाथा," त्याने सूर लावला, "आज ही तुजी लेक कावेरी तुज्या दारात उबी आसा. गावच्या पोराबाळांक खेळूक मैदान आसा, तर उजवी दी. नाय, तर डावी दी. लेकराक खरा काय ता सांग आणि मोकळा कर, रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे सवयीने म्हणाले.

पाकळ्या दगडाला धरून होत्या. गुरुजी म्हणत, यात देव नाही, दगडाचा ओलावा आहे, जिकडचं आधी सुकेल तिकडची आधी पडेल. अक्कालाही तसंच वाटत आलं होतं. ती देवाला विचारायला आलीच नव्हती, ती परशुरामाला त्याच्याच दाव्याने बांधायला आली होती. डावी पडायला हवी होती. डावी पडली की तो अडकला.

पण वाट बघता बघता तिचं तिलाच कळेना काय होतंय. तिची नजर डाव्या पाकळीवर ठरेना, उजवीकडेच जाऊ लागली. हिरवा सडा डोळ्यांपुढे आला, गुरुजी धोतर खोचून माती तुडवतायत, पोरं एकमेकांच्या अंगावर चिखल उडवतायत. पड गो बाये, ती मनात म्हणू लागली, उजवी पड. खोटं का असेना, एकदा कोणीतरी सांगा की ते आहे. साठ वर्षांत तिने देवाकडे काही मागितलं नव्हतं, पोटचं मूल जाताना सुद्धा नव्हतं मागितलं. आता ती सगळ्या गावासमोर उभी राहून मनातल्या मनात भीक मागत होती.

डावी पडली.

कोणी हसलं नाही. शिवाने पाकळी उचलून तबकात ठेवली आणि हळूच म्हणाला, "मैदान नाय, अक्कानू. देव सांगता, नाय."

परशुराम खांब सोडून उभा राहिला होता. "परत लाव," तो म्हणाला. "वारो इलो होतो."

"वारो तेवाय होतो," शिवा म्हणाला, "भिंतीचो कौल घेतलो तेवा. तोय मोडू काय?"

परशुराम परत खांबाला टेकला. अक्का त्याच्याकडे न बघता बाहेर आली. देवळामागे फणसाच्या झाडाखाली ती बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. ती जिंकली होती. जिंकली म्हणजे, मैदान नाही हे तिने देवाच्या तोंडून वदवून घेतलं होतं. आता ते पक्कं झालं.

मंगळवारी पंचायतीची धावपळ उडाली. देवाने जे नाही म्हणून सांगितलं, त्याच्या फाटकात नारळ फोडायला एक माणूस तयार होईना. पंच म्हणवणाऱ्या सातांपैकी चौघांना अचानक पाव्हण्यांकडे जायचं निघालं. साहेबांना नको म्हणून कळवायची कोणाची छाती नव्हती. शेवटी असं ठरलं, की साहेबांना थेट पंचायतीत आणायचं, सुरमई आणि सोलकढीचं जेवण घालायचं, ऊन फार आहे म्हणून सडा खालूनच दाखवायचा आणि ढेकर देत परत पाठवायचं. खालून भिंत छान दिसत होती. खड्डा खालून दिसत नाही.

बुधवारी परशुराम पांढरी टोपी घालून साहेबांना आणायला स्वतः मालवणला गेला. अकराच्या सुमाराला जीप गावात शिरली आणि देवळाच्या वळणावर करकचून थांबली. रस्त्याच्या मधोमध पोरांनी लगोरी रचली होती, खाणीतल्या चिऱ्यांच्या कपच्यांची. डाव रंगात आला होता. नीरजा चेंडू हातात घेऊन नेम धरत होती. अक्का नळाच्या कट्ट्यावर बसून बघत होती.

"ही मुलं रस्त्यात का खेळतायत?" साहेबांनी जीपमधून डोकं बाहेर काढून विचारलं. "गावात मैदान नाही का?"

साहेब लोक असे प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. पण या खेपेला बाकीचे सगळे उत्तराची वाट बघत होते. नैवेद्याचं ताट घेऊन निघालेला शिवा थांबला. विहिरीवरून येणाऱ्या बायकांनी कळश्या खाली ठेवल्या. पंचायतीच्या ओट्यावरचे उरलेले तीन पंच जागचे हलले नाहीत. जीपमध्ये साहेबांच्या मागे परशुराम बसला होता आणि सगळा गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता. हो म्हणावं, तर देव खोटा पडतो, आणि देव खोटा पडला तर भिंतीचा कौल खोटा, त्याला सरपंच ठरवणारा गेल्या निवडणुकीआधीचा कौलही खोटा. परशुरामाजवळ स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं, जे होतं ते सगळं देवाच्या नावावर उचललेलं.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

"नाही?" साहेब वळले. "मग मी उद्घाटन कशाचं करायला आलोय?"

परशुराम टोपी सारखी करू लागला.

"भिंतीचा, सायबा," अक्का कट्ट्यावरून म्हणाली. "आणि मगे जेवूचा."

साहेब लाल झाले. त्यांनी घड्याळ बघितलं, ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगितला. हॉर्न वाजला. पोरांनी सवयीप्रमाणे लगोरीकडे हात नेले, कपच्या गोळा करून कडेला व्हायला.

अक्का तेवढ्याने उठली. इतकी वर्षं ती या माणसांना हसत आली होती. हसायला काही खर्च पडत नाही, बसल्या जागेवरून होतं, आणि ती हसत बसली म्हणूनच सडा गेला, हे तिला आता देवानेच काय, कोणीच सांगायची गरज नव्हती. ती काठी टेकत रस्त्यात आली आणि लगोरीच्या पुढे, जीपच्या तोंडावर उभी राहिली.

"डाव चालू आसा," ती साहेबांना म्हणाली. "संपलो काय जावा."

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. ती हलली नाही. कळशीवाली एक बाई येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, मग आणखी एक आली. साहेबांनी परशुरामाकडे पाहिलं, परशुरामाने खाली पाहिलं. थोड्या वेळाने ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"मार गो," अक्का नीरजाला म्हणाली. "बघतंस काय?"

नीरजाने चेंडू मारला. तो चुकला, गटारात गेला, आणि तो काढून धुऊन आणीपर्यंत सगळे उन्हात थांबले. अक्काला त्याचा आनंद झाला नाही. डाव संपला की जीप जाणार होती, जीपमागून एसटी येणार होती, आणि पोरांना पुन्हा कडेला व्हावं लागणार होतं. तोवर ती तिथे उभी राहिली.